तायडे मिस्तरींचे दाखले

तायडे मिस्तरी आमच्या टायपिंग क्लासात पहिल्यांदा आले ते दारातच थांबले. खाकी शर्ट, खिशातून डोकावणारा तेलकट सुताचा बोळा, पायांत टायरच्या तळाच्या चपला. मला वाटलं, विजेच्या मीटरचा आकडा घ्यायला माणूस आला. "या की आत," मी म्हटलं, तर त्यांनी हातानंच मला थांबवलं. आत सहा मशीनं खडखडत होती. मिस्तरींनी डोळे मिटले, मान जराशी तिरकी केली आणि म्हणाले, "बाई, तिसरं मशीन दुखून राहिलं तुमचं."

तिसऱ्या मशीनवरची मुलगी टाइप करायची थांबली. तिचं मशीन ओळीच्या शेवटी अडतं हे मला ठाऊक होतं. दुरुस्तीवाल्याला दोनदा निरोपही धाडला होता. मिस्तरी आत आले, खिशातून पेचकस काढला आणि दहा मिनिटांत ते सरळ केलं. सुताच्या बोळ्यानं हात पुसले. मग शर्टाच्या आतून एक लांब लिफाफा काढून माझ्यासमोर ठेवला.

"हे भरून पायजे. इंग्रजी हाय. वाचता येते मले थोडं, पन लिवन्यात मार खातो."

तो कॅनडाला जाऊन राहण्यासाठीचा अर्ज होता.

चीनच्या लढाईनंतरचा तो उन्हाळा. वडील वारल्यावर अकोल्यातला त्यांचा क्लास मी चालवत होते. घरात आई आणि मी, दोघीच. माझं लग्न जमायचं वय उलटून गेलं होतं आणि लोकांनी विचारायचंही सोडलं होतं. कॅनडा म्हणजे माझ्या लेखी शाळेच्या नकाशातला वरचा गुलाबी तुकडा. तिथं जायचा अर्ज तेलगिरणीतल्या एका मिस्तरीच्या हातात कसा, हे मला कळेना.

ते सारं एका इंजिनापायी झालं होतं. बाळापूरच्या बाजूला विजेच्या कारखान्यात यंत्रं बसवायला एक परदेशी इंजिनिअर आला होता. तेलगिरणीच्या मालकानं त्याला आपलं अडलेलं इंजिन दाखवायला आणलं. साहेब नकाशे पसरून बसला. मिस्तरींनी लांब पेचकसाचं टोक इंजिनावर टेकवलं, मूठ कानाला लावली, आणि कोणतं बेअरिंग गेलं ते बोटानं दाखवलं. उघडल्यावर तेच निघालं. साहेबानं गिरणीच्या कारकुनाकडून त्यांना सांगितलं, आमच्या देशात असल्या माणसांची गरज आहे, तू ये. लोक असं बोलतात आणि विसरतात. हा विसरला नाही. त्यानं अर्ज टपालानं पाठवला.

"जाता खरंच?" मी विचारलं.

"इथं कोन हाय माझं, बाई?" हवापाण्याबद्दल बोलावं तसं ते बोलले.

त्यांच्याकडे परीक्षेचा, शाळेचा असा सांगण्यासारखा कागद नव्हता. वलगावच्या शाळेत पाचवीपर्यंत शिकले होते, तेवढंच. त्यामुळे सारी भिस्त केलेल्या कामावर होती. कुठं, कधीपासून कधीपर्यंत, कोणतं काम, आणि प्रत्येक ठिकाणच्या मालकाचा दाखला. मग दर रविवारी सकाळी मिस्तरी यायचे आणि आम्ही वर्षं मोजायला बसायचो. त्यांना सन-महिने आठवत नसत. इंजिनं आठवत.

"ते हिरवं इंजिन बसवलं तवा मी अमरावतीले व्हतो. त्याच्या मंग दुसरं आलं, काळं, त्याची पाटी तुटेल होती. ते चालू झालं त्या साली मी सोडलं."

"म्हणजे कोणतं साल, मिस्तरी?"

"ते तुमी काढा."

मी काढायची. अमरावतीच्या जिनात, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, सहा वर्षं. मग फिरत्या सिनेमाच्या तंबूत मशीन चालवायला दोन. बाळापूरला पाण्याचे पंप दुरुस्त करायच्या दुकानात दीड. मोटारींच्या वर्कशॉपात एक. अकोल्याच्या तेलगिरणीत दीड. बारा वर्षं भरली. हाताखाली इतकी वेगवेगळी यंत्रं गेली होती, पण मिस्तरींच्या मते ती सगळी एकाच घरची भावंडं. "कोनी रडते, कोनी रुसते. तेल सगळ्याईले लागते."

अर्जात मधल्या रिकाम्या दिवसांचाही हिशेब मागितला होता. जिनातल्या सहा वर्षांत आठ दिवसांची एक खाच होती. मी म्हटलं, "आठ दिवस कोण विचारतंय? सलग लिहू."

"नाई. ते लिवा." आवाज एकदम कडक. "मी नागपूरले दीक्षेले गेलो व्हतो. चार जन रजा मागाले गेलो, मॅनेजर म्हने, हंगाम तोंडावर हाय, गेले त परत येऊ नका. आमी गेलो. परत आलो त त्यानं आठ दिवस दाराबाहेर उभं केलं, अन् मंग नवीन मानूस म्हनून घेतलं." त्यांनी अर्जावरच्या त्या रकान्यावर बोट ठेवलं. "ते आठ दिवस माझ्या जिंदगीत सगळ्यात चांगले व्हते, बाई. ते काहून खोडता?"

मी लिहिले. दुसरी खाच तीन महिन्यांची होती, तंबू सोडल्यानंतरची.

"इथं काय करत होतात?"

"काईच नाई."

"घरी बसून होतात?"

"बसून नोयतो. हिंडत व्हतो." मग सांगितलं. तंबू तेव्हा मेळघाटाच्या पायथ्याशी होता. घरी वलगावला बायको, सुमित्रा, तापानं आजारी पडली. निरोप्या तंबूचा माग काढत आला तोपर्यंत तिला जाऊन तीन दिवस झाले होते. पोर नव्हतं. "तिले मातीबी नाई देता आली," एवढंच म्हणाले. त्यानंतर कुठं कुठं फिरले, काय खाल्लं, हे त्यांना सांगता येत नव्हतं.

मी त्या तीन महिन्यांपुढे 'बेकार' असा इंग्रजी शब्द टाइप केला. दुसरा शब्द मला सुचला नाही.

दाखले मिळवायला मिस्तरी सुटीच्या दिवशी गावोगाव जात. बाळापूरच्या दुकानदारानं चहा पाजून, शिक्का मारून दाखला दिला. वर्कशॉपातला तीन खेपांनी मिळाला. सिनेमाच्या तंबूचा मालक वारला होता, तंबू केव्हाच विकला गेला होता. त्याची बायको अंजनगाव सुर्जीला भावाकडे राहत होती. तिनं वहीच्या कागदावर मराठीत लिहून दिलं: 'तायडे आमच्याकडे दोन वर्षे मशीन चालवीत. फिल्म तुटली तर लगेच जोडीत, म्हणून लोकांनी आमच्या तंबूवर कधी दगड मारले नाहीत. खेळ चालू असताना आमचे हे गेले. तायड्यांनी खेळ पुरा केला, लोक नीट घरी जाऊ दिले आणि मग माझ्याजवळ येऊन बसले.' मी त्याचं जसंच्या तसं इंग्रजी केलं. दगडांचं वाक्यही गाळलं नाही.

राहिलं अमरावतीचं जिन. सगळ्यांत जास्त वर्षं तिथलीच.

तिथं मिस्तरींना करीम उस्तादांनी शिकवलं होतं. उस्ताद तिथले मुख्य फिटर. नजर अधू झाली तसं सगळं काम या शागिर्दाच्या हातून करून घेत. शेवटची चार वर्षं इंजिन मिस्तरींच्याच हातात होतं. पण हजेरीपटावर त्यांच्या नावापुढे लिहिलेलं होतं 'कुली'. पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत कुली.

"असं कसं?" मी विचारलं.

"फिटर लिवला त फिटरलोकाईच्या चाळीत खोली द्या लागते. तिथं बाकीचे आमाले राहू देत नोयते. मंग मॅनेजरनं सोपं काम केलं. लिवलंच नाई."

मिस्तरी दाखला मागायला गेले. मॅनेजर तोच होता. त्यानं हजेरीपट काढून त्यांच्यासमोर धरला. "वाचता येतं ना? मग वाच." मिस्तरींनी वाचलं आणि परत आले. उस्ताद त्यांच्याबरोबर वकिलाकडे गेले, उर्दूत सही करून शपथपत्र दिलं. "लिख्खो," ते वकिलाला म्हणाले म्हणे, "इंजन इसके हात से चलता था, मेरी तो खाली आवाज थी." पण उस्ताद मालक नव्हते. अर्जाला मालकाचा कागद हवा होता.

त्याच वर्षी दिवाळीनंतर एका सकाळी जिनाचा माणूस अकोल्याला आला. इंजिन बंद पडलं होतं, नव्या फिटरला उमगत नव्हतं. कापसाच्या गाड्या रस्त्यावर लागल्या होत्या. मिस्तरी गिरणीतून रजा काढून निघाले आणि मला सांगायला क्लासात आले. मला इतका आनंद झाला की मी मुलांसमोरच म्हटलं, "आता आधी दाखला घ्या हातात. मगच पेचकस काढा."

मिस्तरींनी माझ्याकडे जरा नवलानं पाहिलं. "बंद इंजिनासमोर उभं राहून कागद मांगू काय? गाड्यावाले थंडीत बसून हायेत."

"त्यांनी तुमच्यासाठी काय केलं?"

"गाड्यावाल्याईनं माझं काय वाकडं केलं, बाई?"

ते गेले. दोन दिवसांत इंजिन सुरू झालं. रविवारी सकाळी दाखला घेऊन आले आणि मेजावर ठेवला. जाड पांढरा कागद, वर कारखान्याचं छापील नाव, खाली सही. तायडे हा आमच्याकडे सहा वर्षे कुली म्हणून होता. प्रामाणिक व कष्टाळू. फिटरला मदत करीत असे.

मी तो दोनदा वाचला. राग एवढा आला की कपाट उघडलं. त्या कारखान्याच्या वकिलाचं टायपिंग माझ्याकडे असायचं, त्यामुळे त्यांचे छापील कोरे कागद माझ्याजवळ होते. एक कागद मशीनला लावला. "एक शब्द बदलायचा," मी म्हटलं. "कुलीच्या जागी फिटर. सही माझ्यावर सोडा. तिकडे कोणाला कळणार आहे?"

मिस्तरी उठले. मशीनची मूठ फिरवून त्यांनी कागद हलक्या हातानं बाहेर काढला, सुरकुती पडू न देता, आणि परत कपाटात ठेवला.

"मी खरा फिटर हाय. खोट्या कागदानं काहून होऊ?"

"आणि त्यांनी लिहिलंय ते खरं आहे का?"

"नाई. पन ते त्याईचं खोटं हाय. त्याच्यावर माही सही नाई."

अर्ज होता तसा गेला. पाच-सहा महिन्यांनी उत्तर आलं, सभ्य भाषेतलं: दाखल्यांवरून कुशल कामाचा अनुभव पुरेसा दिसत नाही. मिस्तरींनी ते माझ्यासमोर अक्षरं लावत स्वतःच वाचलं. घडी घातली. "सहा वर्षं पान्यात गेली म्हना," ते म्हणाले. आणि ती घडी खिशात ठेवत, "मंग नवीन मोजू."

मला ते कळायलाच दोन दिवस लागले. त्यांनी तेलगिरणीच्या मालकाकडून 'फिटर' असं स्पष्ट लिहिलेलं नेमणुकीचं पत्र घेतलं आणि तिथंच आणखी तीन वर्षं काढली. दुसरीकडे जास्त चांगलं काम चालून आलं तरी हलले नाहीत. स्टेशनच्या पलीकडे एका खोलीत एकटे राहत, भाकरी स्वतः थापत. रविवारी येऊन माझ्या मशीनांना तेल देत. आई त्यांना चहा देई. पहिल्या दिवशी आडनाव ऐकून नुसतं "बरं" म्हणत आत गेलेली माझी आई, पुढे पुढे रविवारी दहा वाजले की "मिस्तरी नाही आले अजून?" म्हणून विचारू लागली होती. ते फार बोलत नसत. कधी कधी तेल देऊन झाल्यावर मशीन उगीच चालवत, टकटक ऐकत बसत. एकदा म्हणाले, "खोलीत आवाजच नसते ना, बाई. एक इंजिन ठेवा लागते घरात."

तीन वर्षांनी दुसरा अर्ज भरला. सगळं पुन्हा टाइप केलं. आठ दिवस, तीन महिने, कुली, सगळं. शेवटच्या पानावर एक रकाना होता: काही बरंवाईट झाल्यास कळवायचं नाव, पत्ता आणि नातं. मी विचारलं, "कोणाचं लिहू?"

मिस्तरी सुताच्या बोळ्याशी चाळा करत होते. "उस्ताद लय थकले आता. ते राह्यतील का नाई, काय सांगाव." मग वर न पाहता म्हणाले, "तुमचं लिवलं त चालन काय?"

मनात काय काय आलं ते आज सांगायला लाज वाटते. नात्याच्या रकान्यात काय लिहिणार? उद्या खरंच परदेशातून या नावाची तार आली तर टपालवाला गल्लीत कोणाकोणाला सांगेल? क्लासात मुली येतात, त्यांचे बाप काय म्हणतील? चार-पाच क्षणच गेले असतील. पण तो माणूस यंत्राच्या आत काय अडलंय ते बाहेरून ऐकणारा होता.

"राहू द्या जी," ते म्हणाले. "उस्तादाईचंच लिवा. नात्यात 'गुरू' लिवा."

"नाही, मिस्तरी, तसं नाही..."

"लिवा, बाई."

मी उस्तादांचं नाव लिहिलं. त्या रविवारी ते चहा घेऊन नेहमीसारखेच गेले, आणि पुढच्या रविवारी नेहमीसारखेच आले. त्याबद्दल पुन्हा एक अक्षर काढलं नाही. काढलं असतं तर बरं झालं असतं.

या खेपेला दिल्लीला मुलाखतीचं बोलावणं आलं. तिथली हकिगत सांगताना मी त्यांना पहिल्यांदा पोट धरून हसताना पाहिलं. अधिकाऱ्यानं विचारलं, इंजिन बिघडलंय हे तुम्ही कसं ओळखता? मिस्तरींना इंग्रजी शब्द सापडेनात. मग ते खुर्चीवरून उठले आणि तोंडानं इंजिनाचा आवाज काढला. आधी धडधाकट इंजिनाचा. मग बेअरिंग गेलेल्या. मग व्हॉल्व्ह गळणाऱ्या. अधिकारी दुसऱ्या महायुद्धात कुठं तरी इंजिनांवर काम केलेला असावा. त्यानं मेजावर हात मारून 'व्हॉल्व्ह!' म्हटलं. "मंग त्यानं एक आवाज काढला अन् मले विचारलं, सांग काय झालं. मी म्हनलं, साहेब, तेल संपलं." बाहेर बसलेले लोक दार उघडून पाहायला लागले होते म्हणे.

दोन महिन्यांत मंजुरी आली.

उस्तादांना भेटायला ते अमरावतीला जाऊन आले. बोलणं काय झालं ते सांगितलं नाही. उस्ताद त्यानंतर वर्षभरात वारले. पुढे कॅनडाहून मिस्तरींची मला दोन पत्रं आली, दुसऱ्याच कोणाकडून इंग्रजीत लिहवून घेतलेली. कारखान्यात काम मिळालं, फिटर म्हणूनच मिळालं, बर्फ पडतो, खोली गरम असते. मी उत्तरं लिहिली. तिसरं पत्र आलं नाही आणि माझं शेवटचं पाकीट पत्त्यावर माणूस नाही म्हणून परत आलं. त्यांना काही झालं की ते नुसते दुसऱ्या गावी गेले, हे मला कळवायचं कोणाला कारणच नव्हतं. तसं मीच होऊ दिलं होतं.

ते निघाले तो दिवस वैशाखातला. दुपारची गाडी. मी स्टेशनवर जाणार हे आईला सांगितलं तर तिनं डब्यात पोळ्या बांधून दिल्या. फलाटावर मिस्तरी लांबूनच दिसले, कारण त्या उन्हात त्यांच्या अंगात जाड लोकरीचा कोट होता. ट्रंकेत मावला नाही म्हणून अंगावर चढवलेला. शिंप्यानं आयुष्यात पहिल्यांदाच तसला कोट शिवला होता; बाह्या बोटांपर्यंत आल्या होत्या. हमाल थांबून थांबून पाहत होते. मी डबा दिला. त्यांनी विचारलं, "मशीनाईले तेल कोन देईन आता?" मी म्हटलं, "मी देईन." तेवढ्यात गाडी लागली.

डब्यात लग्नाला निघालेलं एक मोठं कुटुंब होतं. त्यातल्या म्हाताऱ्या बाईनं सरकून मिस्तरींना खिडकीपाशी जागा दिली, आणि ते टेकतात न टेकतात तोच एक तान्हं मूल त्यांच्या मांडीवर ठेवून ती आपलं गाठोडं लावू लागली. मिस्तरी त्या कोटात अवघडून, दोन्ही हातांनी मूल धरून बसले.

"कुठं चालले, भाऊ?" तिनं विचारलं.

"मुंबईले."

"कोनी हाय काय तिथं तुमचं?"

मिस्तरींनी खिडकीतून एकदा माझ्याकडे पाहिलं. मग तिच्याकडे वळून म्हणाले, "हाव जी. हायेत ना. लय जन हायेत."

शिट्टी झाली, गाडी हलली. मुलानं कोटाचं मोठं काळं बटण तोंडात घातलं होतं, आणि मिस्तरी मान खाली घालून, एका बोटानं, ते हळूहळू सोडवत होते.